वापरलेले संगणक शाळेसाठी तयार करताना

एखादे कार्यालय आपले चाळीस जुने संगणक देऊ करते, तेव्हा ते कधी उचलायचे यापेक्षा त्यांतले किती नाकारायचे हे आधी ठरवावे लागते. टेबलावर सुरू होणारे मशीन आणि शाळेत टिकणारे मशीन यांत बराच फरक आहे. शाळेत ते रोज वेगवेगळ्या हातांत जाते, दुरुस्त करणारा माणूस जवळ नसतो, आणि दोन मशीन बंद पडली की बाकीची चालू असूनही खोलीला कुलूप लागते. पुढच्या सगळ्या सूचनांमागे एकच हिशेब आहे: मशीन थोडी असली तरी चालतील, पण ती एकसारखी हवीत आणि तुम्ही निघून गेल्यावरही चालायला हवीत.

एकाच मॉडेलची पंधरा मशीन ही नऊ मॉडेलांच्या पंचवीस मशीनांपेक्षा कधीही बरी. एकच इमेज (तयार मशीनच्या डिस्कची हुबेहूब प्रत) सगळ्यांवर चढते, एकाचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) दुसऱ्याला बसतो, आणि पंधरावे मशीन गेले तर ते उरलेल्या चौदांसाठी सुट्या भागांचे कपाट होते. दात्याशी बोलताना आकडा विचारण्याआधी मॉडेल विचारा.

काय घ्यायचे आणि काय नाही

इंटेलच्या कोअर प्रोसेसरांच्या मालिकेत मॉडेल क्रमांकाचे पहिले एक-दोन आकडे पिढी सांगतात. आय५-४५७० म्हणजे चौथी पिढी, आय५-८५०० म्हणजे आठवी. डेस्कटॉपसाठी चौथी पिढी (२०१३) ही आजची व्यवहार्य खालची मर्यादा धरा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची मशीन लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर) अजून कामचलाऊ असतात, पण त्यांवर नवा पैसा घालू नका. कोअर २ ड्युओ आणि त्याआधीचे सरळ नाकारा. वीज जास्त खातात, बहुतेकांत डीडीआर२ या जुन्या प्रकारची रॅम असते आणि तिचा उपयोग पुढे दुसरीकडे कुठेच होत नाही. एएमडीमध्ये रायझेन असेल तर डोळे झाकून घ्या. त्याआधीच्या ए-मालिकेचा प्रत्यक्ष चालवून पाहूनच निर्णय घ्या.

सध्याचा खरा माल सहाव्या आणि सातव्या पिढीत आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. त्यामुळे एरवी धडधाकट असलेली सहाव्या-सातव्या पिढीची मशीन कार्यालये मोठ्या संख्येने काढून टाकतात. लिनक्ससाठी याहून चांगला साठा मिळणे कठीण. युक्त्या करून अशा मशीनवर विंडोज ११ चढवता येते, पण शाळेसाठी तो मार्ग नको. पुढच्या मोठ्या अपडेटला ते अडले तर ते सोडवायला तिथे कोणी नसते.

उचलण्यापूर्वी कुलपांची चौकशी करा. बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) पासवर्ड, कंपनीच्या दूरस्थ व्यवस्थापनातली नोंदणी, मॅकवरचे ॲक्टिव्हेशन लॉक, क्रोमबुकची संस्थेकडची नोंदणी ही सगळी दात्याच्या आयटी विभागालाच काढता येतात, आणि मशीन त्यांच्या ताब्यात असेपर्यंत ती पाच मिनिटांत निघतात. नंतर तोच माणूस शोधायला महिने लागतात. विंडोजच्या नोंदणीत तर डिस्क पूर्ण पुसून नवे विंडोज टाकले तरी पहिल्या सेटअपला जुन्या कंपनीचे लॉगिन पान समोर येते. क्रोमबुकला अपडेट मिळण्याची शेवटची तारीख ठरलेली असते. ती दीड-दोन वर्षांच्या आत येत असेल तर घेऊ नका.

जाड पिक्चर ट्यूबचे मॉनिटर फुकट दिले तरी घेऊ नका. त्यांच्या काचेत शिसे असते, आतल्या उच्च दाबाचा धक्का प्लग काढल्यानंतरही बसू शकतो, आणि त्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च तुमच्या गळ्यात पडतो.

डेस्कटॉप की लॅपटॉप? एका खोलीतल्या प्रयोगशाळेसाठी डेस्कटॉप. भाग बदलता येतात, कीबोर्डवर पाणी सांडले तर फक्त कीबोर्ड जातो. विजेचा भरवसा नसेल किंवा एकच संच दोन-तीन ठिकाणी फिरवायचा असेल तरच लॅपटॉप.

नोंद आणि पहिली फेरी

मशीन आत आले की आधी टॅग, मग बाकी सगळे. क्रमांकाचे स्टिकर कॅबिनेटवर, आणि डिस्क बाहेर काढणार असाल तर तोच क्रमांक डिस्कवरही. तक्त्यात मॉडेल, सिरियल नंबर, प्रोसेसर, रॅम किती व कोणती, डिस्कचा प्रकार व आकार, दिसलेला दोष, डिस्क पुसल्याची तारीख, पुसणाऱ्याचे नाव आणि शेवटी मशीन कुठे गेले, एवढे रकाने पुरतात.

प्लग लावण्याआधी मागे एसएमपीएसवर लहान लाल सरकबटण आहे का पाहा. त्यावर ११५ आणि २३० असे लिहिलेले असते. २३० व्होल्टच्या जागी ते ११५ वर राहिले असेल तर स्विच दाबताच आवाज होतो आणि एसएमपीएस जातो. नव्या मशीनांत हे बटण बहुधा नसते, पण जुन्यात असते आणि वाहतुकीत सरकतेही.

आत हलवल्यावर काही खडखडते का तेही ऐका. सुटा स्क्रू मदरबोर्डखाली अडकला असेल तर शॉर्ट होतो. मग सुरू करा. तीन रांगा पडतात: चालू होऊन बायोसपर्यंत जाणारी, डिस्प्ले न देणारी, आणि अजिबात जीव नसलेली. तिसऱ्या रांगेवर सुरुवातीला वेळ घालवू नका. ती सुट्या भागांसाठी ठेवा.

दुसरी रांग मात्र सोडू नका. ‘नो डिस्प्ले’ची कारणे पुष्कळदा क्षुल्लक असतात, आणि ठरलेल्या क्रमाने गेले तर एका मशीनला वीसेक मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

१. मॉनिटर आणि केबल दुसऱ्या चालू मशीनवर तपासा. मशीनला वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच हवी. मदरबोर्डच्या पोर्टला लावली की बहुतेक मशीन काळा पडदाच दाखवतात.

२. वीज काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला भार निघून जाईल. डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, जादा कार्डे सगळी सोडवा.

३. रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढा. सोनेरी पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर घासण्याची पद्धत सर्रास दिसते आणि तिने मशीन चालूही होतात. पण खरखरीत रबराने मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला की तोच नवा दोष होतो. मऊ पांढरे रबर वापरलेच तर नंतर अल्कोहोलने पुसून घ्या. मग एकच पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पाहा.

४. मदरबोर्डवरचा गोल सेल (सीआर२०३२) पाच मिनिटे काढून ठेवा, म्हणजे बायोसच्या बिघडलेल्या सेटिंग पुसल्या जातात.

५. बीप किंवा पॉवर बटणाच्या दिव्याची उघडझाप मोजा. तिचा अर्थ कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतो, त्यामुळे त्या मॉडेलचे सेवा-पुस्तक उघडूनच पाहा.

६. चांगला माहीत असलेला एसएमपीएस लावून पाहा. मोठ्या कंपन्यांच्या लहान कॅबिनेटमध्ये मदरबोर्डचा पॉवर कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा नसतो. तिथे त्याच मॉडेलचा एसएमपीएस लागतो. एकसारख्या मशीनांचा आग्रह इथेही कामी येतो.

एवढ्यावर सुरू झाले नाही तर मशीन तिसऱ्या रांगेत टाका. मदरबोर्ड दुरुस्तीला लागणारे कौशल्य असेल तरी इथे ते महाग पडते. एसएमपीएसचे व्होल्टेज मात्र मीटरने मोजता येते: १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६, ५ च्या तारेवर ४.७५ ते ५.२५. याबाहेर असेल तर बदला. एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतले मोठे कपॅसिटर वीज काढल्यावरही भार धरून असतात.

माहिती पुसणे

या टप्प्यावर केलेली हयगय दुरुस्त करता येत नाही. दात्याच्या डिस्कवर पगारपत्रके असतात, ओळखपत्रांच्या प्रती असतात, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असतात. फॉरमॅट मारल्याने यातले फारसे काही जात नाही. झटपट फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका नव्याने लिहितो, मजकूर डिस्कवर तसाच राहतो आणि फुकट मिळणाऱ्या साधनांनी परत काढता येतो.

फिरत्या हार्ड डिस्कसाठी सगळ्या जागेवर एकदा शून्ये लिहिणे पुरेसे आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिकाही एका फेरीला मान्यता देते. सात किंवा पस्तीस फेऱ्यांचा आग्रह जुन्या काळच्या डिस्कांवरून आला आहे. त्याने फक्त दिवस जातात. डिस्क पुसण्यासाठीचे श्रेडओएस पेन ड्राइव्हवर टाका, त्यातून मशीन सुरू करा, त्यातल्या एनवाइप प्रोग्राममध्ये एक फेरी आणि शेवटी पडताळणी निवडा. सेकंदाला १०० एमबी वेगाने ५०० जीबीची डिस्क लिहायला साधारण दीड तास लागतो, पडताळणीला तेवढाच. संध्याकाळी दहा मशीन लावली की सकाळी तयार. डीबॅन हे पुसण्याचे जुने साधन अजून ठिकठिकाणी सुचवले जाते, पण त्याचा विकास २०१५ पासून थांबलेला आहे आणि एसएसडीसाठी (तबकड्यांऐवजी चिपमध्ये साठवणाऱ्या डिस्कसाठी) ते नाहीच.

एसएसडीचा मामला वेगळा. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तिचा कंट्रोलर (तिला चालवणारी चिप) प्रत्येक लिखाण वेगळ्या जागी वळवतो आणि काही जागा बाहेरून दिसतच नाही अशी राखून ठेवतो. वरून शून्ये लिहिली तरी जुना मजकूर त्या राखीव भागात उरू शकतो. म्हणून कंट्रोलरलाच ‘सगळे पुस’ असा आदेश द्यावा लागतो: साटा जोडणीच्या एसएसडीला सिक्युअर इरेज, एनव्हीएमई जोडणीच्या एसएसडीला सॅनिटाइझ किंवा फॉरमॅटचा सुरक्षित पर्याय. बऱ्याच व्यावसायिक मॉडेलांच्या बायोसमध्ये ही सोय असते. नसेल तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून होते. काम बहुधा काही मिनिटांत संपते.

इथे एक अडथळा हमखास येतो. आदेश दिला की डिस्क ‘फ्रोझन’ आहे असे उत्तर मिळते. मशीन सुरू होताना बायोसने डिस्कला तसे कुलूप घातलेले असते. मशीन स्लीपमध्ये घालून पुन्हा जागे करा. बहुतेक वेळा कुलूप सुटते.

पुसून झाल्यावर डिस्कच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही सेक्टर (डिस्कवरचे लहान तुकडे) उघडून पाहा. प्रोग्रामने हिरवी खूण दाखवली म्हणजे झाले, असे धरू नका. जी डिस्क पुसली जात नाही ती फोडायची. हार्ड डिस्कला तबकड्यांमधून आरपार तीन-चार भोके. लॅपटॉपच्या लहान डिस्कच्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि त्यांचा चुरा उडतो, तेव्हा गॉगल घाला. एसएसडीत भोक चिपमधून गेले पाहिजे. नुसत्या डब्यातून गेले तर चिप शाबूत राहते आणि तुमचा गैरसमजही.

पुसण्याआधी डिस्कची तब्येत पाहून घेतलेली बरी. डिस्क स्वतःच्या दोषांचा जो स्मार्ट अहवाल ठेवते, त्यातल्या तीन नोंदी महत्त्वाच्या: क्रमांक ५ (बदललेले सेक्टर), १९७ (प्रलंबित) आणि १९८ (न वाचता येणारे). १९७ किंवा १९८ पुढचा आकडा शून्याच्या वर असेल तर ती डिस्क शाळेत पाठवू नका. क्रमांक १९९ पुढचा आकडा वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलून पुन्हा पाहा.

सफाई आणि थर्मल पेस्ट

सफाई उघड्यावर करा, तोंडाला मास्क लावून. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरा. हवेने तो नेहमीपेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. एसएमपीएसमध्ये जाळीतून बाहेरूनच हवा मारा.

पाच-सात वर्षांच्या मशीनमधली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे वरच्या धातूच्या ठोकळ्याकडे नेणारा लेप) वाळलेली असते. हीटसिंक काढून जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, प्रोसेसरच्या मधोमध ४-५ मिलिमीटरचा एक ठिपका ठेवा आणि हीटसिंक दाबून बसवा. पसरवण्याची गरज नाही. जास्त पेस्ट घातल्याने गारवा वाढत नाही, फक्त कडेने बाहेर येते.

यात दोन ठिकाणी नुकसान होते. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या आणि त्याआधीच्या प्रोसेसरांना खाली पिना असतात. वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंक सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटे चालवून गरम करा, बंद करून वीज काढा, मग हीटसिंक हलका डावी-उजवीकडे पिळत सोडवा. दुसरे, इंटेलच्या गोल पंख्याच्या प्लॅस्टिकच्या चार खुंट्या. काढताना त्यांचे डोके बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढायचे, बसवताना मूळ जागी फिरवून समोरासमोरच्या जोडीने दाबायचे. चारपैकी एक नीट बसली नाही तर हीटसिंक एका बाजूने उचललेला राहतो. मशीन सुरू होते आणि दोन-चार मिनिटांत शंभर अंशांकडे जाऊन बंद पडते. बोर्ड उलटा करून चारही खुंट्यांची काळी टोके बाहेर आली आहेत का, ते पाहूनच पुढे जा.

सीआर२०३२ सेल सगळ्या मशीनांत नवा घाला, मोजत बसू नका. हा सेल गेला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला असुरक्षित म्हणतो. शाळेतून ‘इंटरनेट बंद आहे’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा दोष या सेलचा असतो.

रॅम आणि एसएसडी

पैसा मर्यादित असेल तर आधी एसएसडी, मग रॅम. हार्ड डिस्कला एखादा तुकडा शोधायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतके. म्हणून जुन्या साटा पोर्टवरही फरक लगेच जाणवतो. २४० किंवा २५६ जीबी पुरते. साडेतीन इंचांच्या खाच्यात ती बसवायला अडॅप्टर पट्टी लागते, आणि स्क्रू बदलतात: मोठ्या हार्ड डिस्कला ६-३२ चे जाड आट्यांचे, एसएसडीला एम३ चे बारीक आट्यांचे आणि आखूड. मोठा स्क्रू जोर लावून पिळला की एसएसडीचे आटे जातात.

रॅम ८ जीबी ठेवा. ४ जीबीत मशीन चालते, पण ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की अडखळते. शक्यतो ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या लावा; दोन चॅनल एकदम चालल्याने अंगभूत ग्राफिक्सला फायदा होतो. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपांना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ खाचेत तंतोतंत बसते आणि मशीन सुरूच होत नाही, मग दोष मदरबोर्डवर ढकलला जातो.

लॅपटॉप असतील तर

टचपॅड वर आला आहे, दाबला जात नाही, किंवा लॅपटॉप टेबलावर डगमगतो? आत बॅटरी फुगलेली आहे. चार्ज करू नका, टोचू नका, पसरट प्लॅस्टिक पट्टीने हळू सोडवून वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात, इमारतीबाहेर ठेवा. न फुगलेल्या बॅटरीची सध्याची क्षमता मूळ क्षमतेच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर ती बदलण्याचा हिशेब धरा.

चार्जरची गंमत निराळी. काही कंपन्यांच्या चार्जरच्या टोकात मधोमध एक बारीक पिन असते. तिच्यातून लॅपटॉप चार्जर ओळखतो. पिन वाकली किंवा भलताच चार्जर लावला तर लॅपटॉप चालू राहतो, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद चालवला जातो. ‘एसएसडी टाकूनही हळू’ अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा.

बायोस, ऑपरेटिंग सिस्टीम, इमेज

बायोसमध्ये साटाची (डिस्कच्या जोडणीची) पद्धत एएचसीआय ठेवा. ती ‘रेड’वर (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या पद्धतीवर) असेल तर काही मॉडेलांत लिनक्सच्या इंस्टॉलरला डिस्क दिसतच नाही. वीज गेल्यावर परत आली की काय करायचे, या सेटिंगला ‘बंदच राहा’ निवडा. नाहीतर वीज येताक्षणी सगळी मशीन एकदम सुरू होतात. बूट क्रम डिस्कपासून, आणि बायोसला एकच पासवर्ड जो शाळेकडे लेखी असेल.

लिनक्समध्ये लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू या सुरक्षित निवडी आहेत. २००१ मध्ये नॉर्वेत सुरू झालेला स्कोलेलिनक्स, म्हणजेच डेबियन एज्यु, सर्व्हरसह संपूर्ण शाळेची मांडणी देतो, पण तो सांभाळणारा एक माणूस हवा. क्रोमओएस फ्लेक्स हलके आहे. मात्र इंटरनेट आणि खाती नसतील तर त्याचा उपयोग नाही. विंडोजच ठेवायचे असेल तर परवाना मशीनबरोबर आला आहे का पाहा. विंडोज ८ पासूनच्या मशीनांत ती किल्ली बायोसच्या चिपमध्ये असते आणि तीच आवृत्ती टाकली तर आपोआप ओळखली जाते.

प्रोग्राम मोजकेच ठेवा: लिबरऑफिस, फायरफॉक्स, लहान मुलांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, मोठ्यांसाठी स्क्रॅच, जिओजेब्रा, स्टेलेरियम. इंटरनेट कमी असेल तर एका मशीनवर किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडिया) आणि कोलिब्री (इंटरनेटशिवाय धडे) चढवून बाकीच्यांना स्थानिक नेटवर्कवरून द्या. चित्रांसह इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीच्या आसपास जागा घेतो, मराठी त्यामानाने अगदी थोडी. मुलांच्या भाषेचा कीबोर्ड आणि युनिकोड फॉन्ट इमेजमध्येच बसवा. हे काम शिक्षकांवर सोडले तर राहूनच जाते.

इमेज क्लोनझिला या मोफत प्रोग्रामने काढा. मूळ मशीन तुमच्याकडच्या सर्वांत लहान एसएसडीवर तयार करा, कारण क्लोनझिलाला जिथे उतरवायचे ती डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. २४० वर बनवलेली २५६ वर जाते, उलटे अडते. इमेज काढण्याआधी लिनक्समधली मशीन-आयडीची (मशीनची ओळख ठेवणारी) फाइल रिकामी करा, पण हटवू नका, आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या) किल्ल्या काढून टाका. नंतर प्रत्येक मशीनला वेगळे नाव द्या. हे विसरले तर काही व्यवस्थांत दोन मशीनना एकच आयपी पत्ता मिळतो आणि नेटवर्क मधूनच तुटते. विंडोजसाठी हेच काम त्यातलेच सिसप्रेप हे साधन करते.

विद्यार्थ्यांचे खाते प्रशासकाचे नसावे. डेस्कटॉपची मांडणी दर वेळी मूळ रूपात यावी अशी सोय केली तर शिक्षकांचा पहिला अर्धा तास वाचतो.

चाचणी

जोडलेले मशीन लगेच खोक्यात भरू नका. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर पट्टी बाद. दुसऱ्या दिवशी स्ट्रेस-एनजीने प्रोसेसर चारेक तास पूर्ण भारावर ठेवा. तापमान ८५ अंशांखाली स्थिरावले पाहिजे. सतत वर जात असेल तर पेस्ट किंवा खुंट्या. मशीन अचानक पुन्हा सुरू होत असेल तर आधी एसएमपीएसवर संशय घ्या. त्यानंतर सगळे यूएसबी पोर्ट, हेडफोनची खाच, नेटवर्क आणि दहा वेळा बंद-चालू. समोरचे यूएसबी पोर्ट शाळेत सर्वांत आधी तुटतात; सैल असतील तर आताच बदला.

शाळेतली खोली

मॉनिटरसह एक डेस्कटॉप भाराखाली १०० ते १२० वॅट घेतो असे धरा. पंधरा मशीनांचे १,८०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर. हा भार एका एक्स्टेंशन बोर्डातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असा ओढू नका. भिंतीवर दोन वेगळी सर्किट करून घ्या. मशीन रांगेरांगेने सुरू करा, कारण एसएमपीएस सुरुवातीच्या क्षणी जास्त प्रवाह ओढतात आणि एमसीबी पडते.

अर्थिंगशिवाय मशीन लावू नका. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्म्याएवढे व्होल्टेज तरंगते. प्रवाह नगण्य असतो, पण ओल्या हाताला मुंग्या येतात आणि मॉनिटरची केबल चालू मशीनला लावताना पोर्ट जळू शकतात. इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून पाहा: फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल हे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. लेझर प्रिंटर यूपीएसवर नको.

सोबत काय द्यायचे

पंधरा मशीनांबरोबर एक जास्तीचे संपूर्ण मशीन, दोन एसएमपीएस, दोन रॅम पट्ट्या, इमेज चढवलेली एक तयार एसएसडी, तीन कीबोर्ड, चार माउस, पाच सेल, दोन डिस्प्ले केबल, तीन पॉवर कॉर्ड आणि इमेज असलेले दोन पेन ड्राइव्ह द्या. पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात.

दोन शिक्षक आणि मोठ्या वर्गातली चार-पाच मुले यांना प्रत्यक्ष हाताने पाच गोष्टी करायला लावा: केबल काढून लावणे, मॉनिटरचा इनपुट बदलणे, रॅम काढून बसवणे, सेल बदलणे, पेन ड्राइव्हवरून इमेज पुन्हा चढवणे. दाखवून पुरत नाही. पहिल्या सहा महिन्यांतल्या बहुतेक तक्रारी या पाचांतच बसतात.

उरलेले

तिसऱ्या रांगेतून कामाचे भाग काढल्यावर जे राहते ते अधिकृत ई-कचरा प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्या. वेगळे ठेवायच्या वस्तू: लिथियम बॅटऱ्या (टोकांना टेप लावून), यूपीएसच्या शिशाच्या बॅटऱ्या, आणि एलईडीपूर्वीचे एलसीडी मॉनिटर, ज्यांच्या मागच्या दिव्यांत पारा असतो. ते पडद्याच्या बाजूने दाबून रचू नका. तारांवरचे आवरण जाळून तांबे काढणाऱ्याला तारा देऊ नका. आवरणातले पीव्हीसी प्लॅस्टिक जळताना डायऑक्सिन ही विषारी रसायने तयार होतात. मशीन देशाबाहेर पाठवायची असतील तर आणखी काळजी घ्या: धोकादायक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावरच्या बाझल कराराच्या १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार धोकादायक नसलेला ई-कचरासुद्धा आयात करणाऱ्या देशाच्या पूर्वसंमतीशिवाय नेता येत नाही, आणि न तपासलेले बंद मशीन देणगीच्या नावाखालीही कचराच ठरू शकते. प्रक्रिया करणाऱ्याची पावती त्या त्या टॅग क्रमांकापुढे तक्त्यात नोंदवा आणि डिस्क पुसल्याच्या नोंदींबरोबर तिची एक प्रत दात्याला पाठवा.